शस्त्रक्रियेनंतर साकळलेले रक्त

ऑपरेशननंतर टाक्यांच्या आजूबाजूची कातडी काळीनिळी पडली की घरची माणसे हबकतात. रंग जितका गडद तितका धोका मोठा, असा सरळ हिशेब प्रत्येकाच्या मनात असतो. हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. मांडीभर पसरलेला जांभळा डाग बहुतेक वेळा आपोआप निवळतो. उलट गळ्यात कातडीखाली साठलेले थोडेसे रक्त, वर फारसा रंग न दाखवता, जीव घेऊ शकते. म्हणून आधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: रक्त कुठे साठले आहे, तिथे ताण किती आहे, आणि ते किती वेगाने वाढते आहे.

बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपलेले रक्त चरबीच्या थरात पातळ पसरले तर डाग पडतो, पण हात फिरवला तर जागा बहुधा सपाट आणि मऊ लागते. रक्त एकाच पोकळीत जमून साकळले तर मात्र गाठ हाताला लागते, कातडी ताणून चकाकते आणि आत ठणका सुरू होतो. डॉक्टर याला हिमॅटोमा म्हणतात. पहिला प्रकार जवळजवळ प्रत्येक शस्त्रक्रियेत थोडाफार होतोच. दुसऱ्यावर नजर ठेवावी लागते.

सर्जन रक्तस्राव थांबल्याची खात्री करूनच टाके घालतो, तरी रक्त साठते कसे? भुलीत रक्तदाब उतरलेला असतो आणि कापलेल्या बारीक धमन्या आकसून मिटलेल्या असतात. भूल उतरते, दाब चढतो, रुग्ण खोकतो, ओकतो, शौचाला कुंथतो, आणि मिटलेले एखादे तोंड उघडते. म्हणून उलटी आवरणे, खोकला दाबणे, दुखणे कमी ठेवून दाब चढू न देणे हा रक्त थांबवण्याचाच भाग आहे. सुश्रुताने रक्त थांबवण्याचे संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे चार मार्ग सांगितले. त्यांतल्या दहनाचे आधुनिक रूप हार्वे कुशिंगने १९२६ मध्ये बोस्टनला विल्यम बोवीच्या विद्युत्‌यंत्राने मेंदूच्या शस्त्रक्रियेत आणले. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या औषधाने तयार झालेली गुठळी विरघळू न देण्याचा मार्ग दिला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, ९,५३५ रुग्णांच्या पॉइज-३ या चाचणीत या औषधाने गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण ११.७ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आले. घट खरी आहे, पण प्रमाण शून्यावर आलेले नाही. निष्णात सर्जनच्या हातूनही हिमॅटोमा होतो, आणि तो झाला म्हणजे हयगय झाली असे ठरत नाही.

सर्वांत जास्त घाबरवणारे दृश्य हर्नियाच्या ऑपरेशननंतरचे. टाके जांघेत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र अंडकोशाची पिशवी आणि लिंग वांग्यासारखे जांभळे होते. रुग्ण लाजेने कुणाला सांगत नाही आणि रात्रभर जागा राहतो. पोटाच्या खालच्या भागातला कातडीखालचा पडदा अंडकोशाच्या पडद्याशी सलग जोडलेला आहे. जांघेत झिरपलेले रक्त त्या वाटेने गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते, एवढेच. पिशवी मऊ असेल, वेदना दिवसेंदिवस कमी होत असेल आणि लघवी सुटत असेल, तर आधाराची चड्डी आणि थोडा धीर पुरतो. खुब्याचा सांधा बदलल्यावर गुडघ्यामागे आणि घोट्याशी डाग उतरतात, पापणीच्या ऑपरेशननंतर गालावर उतरतात, ते याच कारणाने. रक्त तिथे नव्याने सुटलेले नसते. ही गोष्ट ऑपरेशनआधी दोन वाक्यांत सांगितली तर माणसाच्या कितीतरी रात्री वाचतील, आणि ती न सांगण्याला मला कोणतीही सबब पटत नाही.

रंग बदलतो तो सफाईच्या कामामुळे. भक्षक पेशी सांडलेल्या तांबड्या पेशी गिळतात, हिमोग्लोबिन फोडतात. त्यातून आधी हिरवे बिलिव्हर्डिन, मग पिवळे बिलिरुबिन बनते आणि लोह तपकिरी हिमोसिडरिनच्या रूपाने मागे उरते. गव्हाळ-सावळ्या कातडीवर या हिरव्या-पिवळ्या छटा नीट दिसत नाहीत, म्हणून आपल्याकडे डोळ्यांपेक्षा हातावर आणि दुसऱ्या बाजूशी केलेल्या तुलनेवर अधिक भिस्त ठेवावी. एक ग्रॅम हिमोग्लोबिनपासून सुमारे ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होते. अर्धा लिटर रक्त साठले आणि हिमोग्लोबिन १२ असेल, तर ६० ग्रॅम हिमोग्लोबिनमधून जवळपास २,१०० मिलिग्रॅम, म्हणजे शरीराच्या रोजच्या निर्मितीच्या सात-आठपट बिलिरुबिन सुटते. मोठ्या हिमॅटोमानंतर डोळे किंचित पिवळे दिसले आणि बारीक ताप आला, तर ते या विघटनामुळेही असू शकते. मात्र कावीळ किंवा जंतुसंसर्ग नाही ना, हे डॉक्टरांनी तपासूनच ठरवावे.

वाढ मोजण्याचे उत्तम साधन म्हणजे साधे बॉलपेन. डागाच्या आणि गाठीच्या कडेने रेघ ओढायची, शेजारी वेळ लिहायची. दोन तासांनी पाहायचे. डागाची कड हळूहळू खाली सरकली तर काळजी नसते. गाठ रेघेबाहेर फुगली, कातडी घट्ट झाली, दुखणे गोळी घेऊनही चढत गेले, पट्टी पुन्हा पुन्हा भिजू लागली, तर रक्तस्राव चालू आहे. सोबत छातीत धडधड, घेरी, थंड घाम असेल तर रक्त बरेच गेले आहे; मांडीत एखादा लिटर रक्त बाहेरून फारसे न दिसता मावते.

आता गळा. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर असे रक्त साठणे विरळ, पण झाले तर बहुधा पहिल्या २४ तासांत, आणि त्यातही बरेचदा पहिल्या सहा तासांत होते. श्वासनलिका दाबली गेल्याने माणूस गुदमरतो, अशी समजूत असते. श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात, ती सहज चेपत नाही. साठलेल्या रक्ताच्या दाबाने शिरा आणि लसिकावाहिन्या आधी अडतात, स्वरयंत्राला सूज चढते आणि वाट आतून बंद होऊ लागते. म्हणून आवाज बदलणे, गिळताना अडखळणे, अस्वस्थ होऊन उठून बसणे ही लक्षणे ऑक्सिजन उतरण्याच्या आधी येतात. ब्रिटनमधील तज्ज्ञसंस्थांनी २०२२ मध्ये दिलेली शिस्त स्पष्ट आहे: श्वास धोक्यात असेल तर थिएटरची वाट न पाहता खाटेवरच टाके कापायचे, कातडी आणि स्नायू उघडायचे, रक्ताला वाट द्यायची. त्यासाठीची पेटी खाटेजवळ असली पाहिजे. ड्रेनची नळी आहे म्हणून निश्चिंत राहू नये. गुठळीने ती बुजते.

इतर धोक्याच्या जागा थोडक्यात. पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा बाहेर येऊन दुखू लागला किंवा अंधुक दिसले, तर दृष्टी वाचवण्यासाठी हातात दीड-दोन तासच असतात. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, हातापायाच्या शस्त्रक्रियेनंतर बोटे ताणताच असह्य कळ आली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा. जांघेतून अँजिओग्राफी झाल्यावर तिथली गाठ नाडीसारखी उडत असेल तर तिचे डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, हवे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सुजलेल्या पोटरीत साकळलेले रक्त आहे की शिरेत गुठळी, हे नुसते पाहून ठरत नाही. तिथेही डॉपलरच करावे लागते.

घरचे उपाय साधे आहेत. सर्जनने परवानगी दिली असेल तर पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी दहा-पंधरा मिनिटे. भुलीने बधिर असलेल्या जागी नको. भाग उंच ठेवणे, सांगितलेला पट्टा बांधणे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल; आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने नकोत. दोन दिवसांनंतर, टाके कोरडे असतील तर, कोमट शेक चालतो. मुक्या माराला आंबेहळदीचा लेप लावायची आपली रीत आहे, तेलाने चोळायची आणि वाळूच्या पुरचुंडीने शेकायचीही. ताज्या जखमेवर यांतले काहीही करू नये: लेपाने टाक्यांत घाण जाते, चोळण्याने आणि शेकण्याने मिटलेली रक्तवाहिनी उघडते.

‘सुई घालून काढून टाका’ असा आग्रह रुग्ण धरतात. पहिल्या दिवसांत आतले रक्त जेलीसारखे गोठलेले असते, सुईतून येत नाही, उलट जंतू आत जातात. आठवड्या-दोन आठवड्यांत ते पातळ होते; तेव्हा काही वेळा सुईने काढता येते. लहान गाठ शरीर स्वतःच काही आठवड्यांत शोषून घेते. वाढणारी, कातडी मरेल इतकी ताणलेली किंवा पू झालेली गाठ मात्र थिएटरमध्ये उघडून धुवावी लागते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत दोन्ही टोकांच्या चुका होतात. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम सात ते दहा दिवस टिकतो, म्हणून ती, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, आणि लसणाच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूलसुद्धा ऑपरेशनआधी सर्जनला सांगायलाच हव्यात. पण डाग पाहून घाबरून स्टेंटवाल्याने स्वतःच गोळी बंद केली, तर स्टेंट बुजून हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. थांबवायचे की चालू ठेवायचे, हे सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात.

घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर गोळ्यांच्या वेळा असतात, टाके काढायची तारीख असते. गाठ फुगली तर रात्री दोन वाजता कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे पुष्कळदा नसते. तो क्रमांक दवाखाना सोडण्याआधी मागून, लिहून घ्या. आणि गळा फुगून श्वास लागत असेल तर फोनवर चर्चा करत बसू नका, १०८ ला बोलवा.