मांडवीच्या पात्रातील बेटे आणि फेरीसेवा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

गोव्याच्या तिसवाडी तालुक्याचा विचार बहुधा एकसंध भूप्रदेश म्हणून केला जातो. वस्तुतः तो बेटांचा समूह आहे आणि पोर्तुगीज अमदानीत त्याचे नावही ‘इल्यास’, म्हणजे ‘बेटे’, असेच होते. मांडवी, झुवारी आणि त्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी यांनी वेढलेल्या मुख्य बेटाखेरीज दिवाडी, चोडण आणि जुवे (सांत इस्तेव्ह) ही लहान बेटे त्यात मोडतात. मंदिरे, चर्च आणि गावकारी यांच्या अनुषंगाने या बेटांचा इतिहास पुष्कळ सांगितला गेला आहे. नदी ओलांडण्याची सोय कोणाच्या हाती होती, हा प्रश्न मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला. प्रस्तुत निबंधात त्याच प्रश्नाच्या आधारे बेटवासीयांच्या जीवनाचा विचार केला आहे.

मराठीत ‘तर’ म्हणजे नदी पार करविणारी नाव, आणि ती चालविणारा तो तारी. गोव्यात ‘तार’ हा शब्द उतरण्याच्या जागेलाही लागतो. नाव, नावाडी आणि धक्का यांना एकाच शब्दकुळाने बांधणाऱ्या या प्रदेशात पाणी ही सीमाही होती आणि वाटही. श्री सप्तकोटेश्वराचा इतिहास याची साक्ष देतो. कदंब राजांचे हे आराध्यदैवत मूळचे दिवाडी बेटावरील नार्वे येथील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देवालय पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूस नेण्यात आले. तेथे तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. देवाबरोबर गावाचे नावही पलीकडे गेले, म्हणून आज मांडवीच्या दोन्ही तीरांवर नार्वे आहे. या नव्या जागेवरील मंदिराचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. परंतु भाविकांचे मूळ तीर्थाशी असलेले नाते तुटले नाही. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या नदीतीरावर स्नानासाठी लोक जमतात. चोडणकर, दिवाडकर ही आडनावेही अशाच स्थलांतरांची खूण बाळगून आहेत. माणसे बेट सोडून गेली, तरी बेटाचे नाव त्यांनी सोडले नाही.

या वाटेवर राज्यसत्तेने पहारा बसविला, हे ओघाने आलेच. बेटावर येण्याजाण्याच्या ठिकाणांना पोर्तुगीज ‘पासो’ म्हणत. सोळाव्या शतकाच्या नवव्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्स्कोटेन या डच प्रवाशाचा वृत्तांत १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या पासोंची व्यवस्था वर्णिलेली आहे. प्रत्येक ठिकाणी एक अधिकारी व एक लेखनिक असे. धान्य वा जिन्नस आणण्यासाठी मुख्य भूमीवर जाणाऱ्या एतद्देशीयांच्या उघड्या दंडावर शिक्का मारला जाई, परतताना तो दाखवावा लागे, आणि त्यासाठी दोन बझारूक द्यावे लागत. बझारूक हे अगदी हलके नाणे होते. रकमेपेक्षा दंडावरील शिक्का अधिक बोलका आहे. नदी ओलांडणे हा बेटावरील सामान्य माणसाचा हक्क नव्हता, ती रोज मागून घ्यावी लागणारी परवानगी होती.

पाण्याचे लष्करी मोल १६८३ मध्ये उघड झाले. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुवे बेटावरील किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी तो परत मिळविण्यास आलेल्या विजरईला, म्हणजे कोंद द आल्व्होरला, जखमी होऊन माघारी फिरावे लागले. छत्रपती संभाजी महाराजांनी पाठलाग करताना घोडा खाडीत घातला. भरतीच्या ओढीत तो वाहू लागला आणि खंडो बल्लाळ यांनी उडी टाकून महाराजांना वाचविले, असे परंपरा सांगते. होड्यांचा ताफा हाताशी असता तर पुढे काय घडले असते, हा तर्क मोह पाडणारा असला तरी इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे.

बेटावरील शेती खाजनांची. बांध घालून व मानशींच्या झडपांनी खारे पाणी अडवून काढलेली ही जमीन भात आणि मासळी दोन्ही देते. जुवे तर भाजीपाल्यासाठी ‘शाकेचो जुवो’ म्हणूनच ओळखले जाते. तथापि भाजी नाशवंत असते, आणि बाजाराची वेळ ठरवते ती नाव.

१९६१ नंतर गोव्यातील फेरीसेवा शासनाच्या नदी परिवहन खात्याकडे आली. सपाट तळाची, पुढे फळी टाकणारी फेरीबोट माणसे आणि वाहने एकाच वेळी वाहू लागली, आणि पादचाऱ्यांना प्रवास विनामूल्य झाला. दंडावरील शिक्क्यापासून येथपर्यंतचे अंतर मोठे आहे. चोडणचा विद्यार्थी रायबंदरमार्गे पणजीच्या महाविद्यालयात जाऊन संध्याकाळी घरी परतू शकला, कारकुनाला शहरात खोली घेण्याचे कारण उरले नाही. बेट सोडून न जाता शहराची नोकरी करता येणे, हा फेरीबोटीने घडविलेला कदाचित सर्वांत मोठा बदल म्हणावा लागेल. पूल आला की फेरी संपते, हा समजही ५ जुलै १९८६ रोजी खोटा ठरला. त्या दिवशी पणजीचा मांडवी पूल कोसळला आणि उत्तर गोव्याची वाहतूक पुन्हा बेतीच्या फेरीवर येऊन पडली. बेटवासीयांचे रोजचे जगणे राजधानीने तेव्हा काही वर्षे अनुभवले.

दिवाडीला आजही जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे या तीन बाजूंनी फेरीबोटी जातात. जुनी घरे, हिरवी खाजने आणि तुलनेने मर्यादित बांधकाम यांचे श्रेय पुष्कळदा पूल नसण्याला दिले जाते, आणि ते अवाजवी नाही. परंतु हे श्रेय देणारा बहुधा दिवसा बेट पाहून परतणारा असतो. रात्री शेवटची फेरी गेल्यावर प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या स्त्रीच्या घरी हे सौंदर्य कोणाला आठवणार? ऑगस्टमधील बोंदेराच्या उत्सवात धक्क्यावर लागणारी रांग पाहुण्यांना एक दिवस सोसावी लागते. बिघडलेल्या बोटीमुळे लागणारी रांग रहिवाशांच्या वाट्याला कोणत्याही दिवशी येते. त्यामुळे पूल हवा की नको, या प्रश्नावर बेटावरच दोन मते आहेत, आणि एकाच घरातही ती असू शकतात.

२०२३ मध्ये दुचाकींवर फेरीशुल्क आकारण्याचे जाहीर झाले, तेव्हा चोडण आणि दिवाडीतून विरोध उमटला व शासनाला तो विचार बाजूला ठेवावा लागला. मुख्य भूमीवरील माणूस आपल्या घरापासून हमरस्त्यापर्यंत जाण्यासाठी पैसे देत नाही, मग बेटावरील माणसाने का द्यावेत, असा या विरोधामागील प्रश्न होता. जुलै २०२५ मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर अधिक क्षमतेच्या रो-रो फेरीबोटी सुरू झाल्या. दिवाडीची वाहतूक पूर्वीच्याच फेरीमार्गांवर अवलंबून राहिली.