वीस डॉलरची रायफल आणि तिच्या सुट्या भागांची साक्ष

समजा साल १९६३ आहे. तुम्ही अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावात राहता, पगार बेताचा आहे आणि शिकारीच्या मोसमासाठी तुम्हाला सेमी-ऑटोमॅटिक रायफल हवी आहे. म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, आणि रिकामं काडतूस बाहेर टाकून पुढचं आत घ्यायचं काम बंदूक स्वतःच करते. दुकानात रेमिंग्टनचं मॉडेल ७४२ आहे. छान आहे, पण महाग आहे. दुसरीकडे बातमी आलीय की सैन्याकडची जुनी एम-वन कार्बाइन नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना सरकारी योजनेतून २० डॉलरला मिळणार आहे. तुम्ही काय घ्याल?

आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला. पण मी हे उदाहरण मुद्दाम निवडलंय. पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "वस्तू हा पुरावा म्हणून वाचायचा म्हणजे नक्की काय करायचं?" त्या २० डॉलरच्या रायफलीवर हे जेवढं नीट दाखवता येतं तेवढं क्वचित कशावर येत असेल. कारण ही रायफल एका जागी बनलेलीच नाही. ती जुळवलेली आहे. आणि "जुळवणे" ही गोष्ट स्वस्त व्हायला दीडशे वर्षं लागली.

सुरुवात नेहमीच्या गोष्टीपासून करू, कारण ती चुकीची आहे. एली व्हिटनीचं नाव तुम्ही कापसाच्या जिनमुळे ऐकलं असेल. १७९८ साली त्याने अमेरिकन सरकारशी १०,००० मस्केट बंदुका बनवून द्यायचा करार केला, साधारण दोन वर्षांत. १८०१ च्या जानेवारीत तो वॉशिंग्टनला बंदुकांची लॉक, म्हणजे चकमक आणि घोडा यांची जोडणी, घेऊन गेला आणि बड्या लोकांपुढे प्रात्यक्षिक केलं. जेफरसन इतका खूश झाला की शंभर लॉक सुटी करून भाग एकत्र मिसळले तरी हाताला येईल तो भाग घेऊन पुन्हा जोडता येतात, अशा अर्थाचं त्याने पत्रात लिहून ठेवलं. तिथून पुढे दीडशे वर्षं पुस्तकांमध्ये एकच वाक्य फिरत राहिलं: अदलाबदल करता येणाऱ्या सुट्या भागांचा जनक व्हिटनी.

१९६० साली रॉबर्ट वूडबरी या इतिहासकाराने 'टेक्नॉलॉजी अँड कल्चर' या नियतकालिकात ही दंतकथा उलगडायला घेतली. पत्रं, करार, कारखान्याच्या नोंदी यांतून दावा टिकत नाही, हे त्याने दाखवलं. पण मला त्याहून आवडतं ते पुढचं काम. स्मिथसोनियन संस्थेतल्या एडविन बॅटिसनने व्हिटनीच्या खऱ्याखुऱ्या बंदुका उघडून पाहिल्या. एकीचे भाग दुसरीत बसत नव्हते. आणि भागांवर खुणा होत्या.

या खुणा का महत्त्वाच्या? ज्यांनी आयटीआयचं वर्कशॉप पाहिलंय त्यांना लगेच कळेल. फिटर दोन भाग कानशीने घासत घासत एकमेकांना जुळवतो. जुळले की ते एकमेकांचेच होतात. मग तापवून कडक करायला ते पुन्हा सुटे करायचे असतात, आणि तेव्हा कुणाचा जोडीदार कोण हे विसरू नये म्हणून खूण करावी लागते. कोणताही भाग कुठेही बसत असता तर खुणेचा खटाटोप कुणी कशाला केला असता? जेफरसनचं पत्र एक सांगतं आणि लोखंडावरची बारीक रेघ दुसरं. १८०१ चे नमुने आधीच निवडून, हाताने जुळवून आणलेले असावेत, असं आज इतिहासकार मानतात. करारातल्या शेवटच्या बंदुका सरकारला मिळाल्या १८०९ साली.

(जेफरसन इतका सहज का पटला, याचंही कारण आहे. १७८५ मध्ये पॅरिसला असताना त्याने ओनोरे ब्लां या कारागिराच्या कार्यशाळेत असे भाग स्वतः जोडून पाहिले होते. कल्पना फ्रेंच तोफखान्याकडून आली होती. ती त्याला खरी व्हायला हवीच होती.)

मग खरं काम कुणी केलं? जॉन हॉल. १८१९ साली त्याला हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारात मागच्या बाजूने भरायच्या १,००० रायफली बनवायचं काम मिळालं. त्या पूर्ण व्हायला पाच वर्षं लागली. सरकारी लेखापाल वैतागले, कारण पैसा बंदुकांवर कमी आणि यंत्रांवर, गेजवर जास्त जात होता. गेज म्हणजे मापाचा साचा: भाग त्यात बसला तर पास, नाही तर नापास. माणसाच्या डोळ्याचा आणि अनुभवाचा प्रश्नच नाही. हॉलने एकेका रायफलीसाठी डझनावारी गेज बनवले. १८२६ च्या अखेरीस चौकशी समिती आली, तिने आधी बनलेल्या शंभर रायफली सुट्या केल्या, भाग मिसळले आणि नव्या दस्त्यांवर पुन्हा चढवले. बसले. पुढे सिमियन नॉर्थ नावाच्या कंत्राटदाराने शेकडो मैल लांब कनेक्टिकटमध्ये हॉलचीच रायफल बनवली आणि १८३४ पर्यंत दोन कारखान्यांचे भाग एकमेकांत बसू लागले.

इथे एक गोष्ट अधोरेखित करून ठेवा. असे भाग स्वस्त नव्हते. हाताने जुळवलेल्या बंदुकीपेक्षा हॉलची रायफल महाग पडत होती. कोणत्याही खासगी कारखानदाराने हा तोट्याचा उद्योग इतकी वर्षं केला नसता. सैन्याला रणांगणावर दुरुस्ती सोपी हवी होती, म्हणून सरकारने पैसे मोजले. मेरिट रो स्मिथ यांचं १९७७ चं हार्पर्स फेरीवरचं पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. हिशेबाच्या वह्यांतून माणसं कशी दिसतात, ते त्यात कळतं.

आता शिकारीच्या रायफलीकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेमी-ऑटोमॅटिक रायफली बाजारात आल्या. जॉन ब्राउनिंगच्या रचनेची रायफल रेमिंग्टनने १९०६ पासून विकली, तीच पुढे मॉडेल ८ झाली. तिच्यात नळी आणि बोल्ट एकत्र जोडलेले असताना मागे सरकतात आणि मगच सुटे होतात. ब्राउनिंग विंचेस्टर कंपनीशी बिनसून बाहेर पडला होता, त्यामुळे विंचेस्टरला त्याच्या पेटंटना वळसा घालून वाट काढावी लागली. त्यांच्या १९०५ आणि १९०७ च्या मॉडेलमध्ये बोल्ट कशालाच अडकवलेला नसतो, तो फक्त जड असतो. फिजिक्सवाल्यांना मजा येईल: संवेग तोच, वस्तुमान वाढवलं की वेग कमी, म्हणजे दाब उतरेपर्यंत बोल्ट फार उघडत नाही. फक्त ते वजन शिकाऱ्याने दिवसभर जंगलात वाहायचं. पेटंटचा कागद आणि माणसाचा दुखरा खांदा यांचा असा थेट संबंध इतिहासात फार सापडत नाही.

दोन्ही रायफली सामान्य माणसाला महागच. स्वस्ताई आली ती दुसऱ्या महायुद्धातून, आणि पुन्हा सरकारी पैशातूनच.

एम-वन कार्बाइनवर एक हॉलिवूडपट आहे, १९५२ चा, जेम्स स्टुअर्टचा. तुरुंगात असलेला डेव्हिड विल्यम्स कार्बाइन शोधून काढतो, अशी त्याची कथा. खुनाच्या प्रकरणात तुरुंगवास झाला हे खरं, बंदुकीतला आखूड धाव घेणारा गॅस पिस्टन त्याचा हेही खरं. पण ती कार्बाइन विंचेस्टरच्या अनेक अभियंत्यांनी मिळून तयार केली होती. व्हिटनीनंतर दीडशे वर्षांनीही लोकांना एकच जनक लागतो!

या कार्बाइनची खरी नवलाई तिच्या उत्पादनात आहे. १९४१ ते १९४५ मध्ये साठ लाखांहून जास्त नग बनले. आणि ते बनवणाऱ्यांत बंदुकांची कंपनी एकच, विंचेस्टर. बाकी? जनरल मोटर्सचा इनलँड विभाग, टाइपरायटर बनवणारी अंडरवूड, आयबीएम, आणि ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओला. या मुख्य कंत्राटदारांच्या खाली लहान पुरवठादारांची मोठी फळी. एकाकडे बोल्ट जास्त झाले की ते दुसऱ्याकडे वळवले जात. ज्याला गेज पाळता आलं नाही त्याचं काय झालं तेही पाहा: अर्विन-पेडरसन कंपनीने काही हजार कार्बाइन तयार केल्या, पण सैन्याने त्या स्वीकारल्या नाहीत आणि १९४३ मध्ये तो कारखाना जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाकडे गेला.

युद्धानंतर या कार्बाइन सरकारी शस्त्रागारांत परत आल्या. तिथे त्या पूर्ण उघडल्या जात, भाग तपासले जात, चांगले भाग ढिगात जात आणि ढिगातून नवी जुळणी होई. इनलँडचा सांगाडा, अंडरवूडची नळी, विंचेस्टरचा बोल्ट. १९६३ साली २० डॉलरला मिळाली ती ही.

आता आपल्या शिकाऱ्याचा निर्णय. हरणासाठी हे काडतूस कमजोर आहे, हे जाणकार तेव्हाही सांगत होते, आणि पेन्सिल्व्हेनियासारख्या राज्यात मोठ्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक चालतच नव्हती. तरीही लोकांनी त्या घेतल्या. ज्यांना सरकारी कोट्यातून मिळाल्या नाहीत त्यांच्यासाठी युनिव्हर्सल, प्लेनफिल्ड यांसारख्या कंपन्या होत्या. त्या नवा रिसीव्हर, म्हणजे ज्यात बोल्ट बसतो तो मधला सांगाडा, बनवत आणि त्यावर सैन्यातून निकालात निघालेले भाग चढवत. भागांचा साठा आटला तसे त्या स्वतःचे भाग बनवू लागल्या, रचनेत बदल करू लागल्या. मग युनिव्हर्सलच्या उशिराच्या बंदुकांत सैन्याचे कित्येक भाग बसेनासे झाले. हॉलने जे मिळवलं होतं ते बाजाराने थोडं थोडं सोडून दिलं, कारण गेजचा खर्च आता सरकार करत नव्हतं.

मग अशी बंदूक नेमकी "कुणाची"? सगळे भाग बदलले तर ती तीच राहते का? अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने याचं उत्तर देऊन टाकलं: रिसीव्हर म्हणजेच बंदूक. क्रमांक त्यावर हवा. कायद्यापुरतं ठीक आहे. संशोधकाने मात्र हे उत्तर जसंच्या तसं घेऊ नये. क्रमांक सांगतो तो फक्त एका भागाचा जन्म. बोल्टवर छोटं 'डब्ल्यू' अक्षर असेल तर तो विंचेस्टरचा, 'आय' असेल तर इनलँडचा, 'यू' असेल तर अंडरवूडचा. एका कार्बाइनमध्ये असे पाच-सहा जन्मदाखले निघतात, आणि त्यांतला एकही खोटा नसतो.

व्हिटनीच्या मस्केटशी तुलना करून बघा. तिचे भाग दुसरीकडे बसत नाहीत, म्हणून शक्यतो तिचे तिच्यातच राहतात. जे तंत्र अपुरं होतं तेच इतिहासकाराला उपयोगी पडलं. कार्बाइनचं उलट आहे. भाग कुठेही जातो, त्यामुळे तो इथे केव्हा आला हे तो स्वतः सांगत नाही. ते दुसरीकडून काढावं लागतं. शस्त्रागार दुरुस्तीनंतर लाकडी दस्त्यावर आपला शिक्का मारत असे: रॉक आयलंड, ऑगस्टा, रेड रिव्हर. नेम धरायची दोन पानांची साधी पट्टी काढून तिथे फिरवता येणारी पट्टी बसवली असेल, पुढच्या कड्याला संगीन लावायचा खटका आला असेल, तर युद्धाच्या अखेरीनंतर कुणाचा तरी हात फिरला, असं म्हणायला आधार मिळतो.

आणि नेमका हाच आधार आज नाहीसा होतोय. संग्राहकांना "एकाच कंपनीच्या सगळ्या भागांची" कार्बाइन हवी असते आणि त्यासाठी ते भरपूर जास्त पैसे देतात. त्यामुळे लोक मिश्र कार्बाइन घेतात, ऑगस्टाचा शिक्का असलेला दस्ता काढून बिनशिक्क्याचा लावतात, फिरणारी पट्टी काढून जुनी दोन पानांची बसवतात, संगिनीचं कडं बदलतात. दिसायला ती १९४३ ची होते. सगळे भाग अस्सल, सगळे खरोखर त्या काळातले, आणि जुळणी मात्र गेल्या वर्षीची. उद्या तुम्ही अशा शंभर कार्बाइन मोजून "दुरुस्तीत किती टक्के बंदुका बदलल्या" असा तक्ता केलात, तर तो तक्ता शस्त्रागाराचा नसेल, लिलावाच्या बाजाराचा असेल. म्हणून या विषयावर काम करणारे लोक नमुना निवडताना पहिल्यांदा बंदूक पाहत नाहीत, ती १९६३ पासून कुणाकडे होती ते विचारतात. आजोबांनी टपालाने मागवलेली, पावतीसकट कपाटात पडून राहिलेली, कुणी हात न लावलेली मिश्र कार्बाइन संग्राहकाला नको असते. मोजायला घ्यायची ती.