घरी पिकलेले टाके

ऑपरेशनची जखम पिकायची असली तर पहिल्या दोन दिवसांत क्वचितच पिकते. पू धरायला बहुधा चार-आठ दिवस जातात. पूर्वी हर्नियाच्या रोग्याला आठवडेच्या आठवडे खाटेवर झोपवून ठेवत, त्या काळात टाके पिकले तर वॉर्डातच पिकत, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत. आता तोच रोगी संध्याकाळी घरी जातो आणि पू दिसतो तो घरच्यांना. तेव्हा रुग्णालयाचा संसर्गाचा आकडा कमी दिसला, तर त्यातले श्रेय स्वच्छतेचे किती आणि नजर लवकर काढून घेण्याचे किती, हे विचारायलाच हवे. ग्लासगोचे शल्यविशारद जेम्स निकॉल यांना याची जाण होती. त्यांनी १९०९ मध्ये लहान मुलांवरच्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला. ती मुले त्याच दिवशी घरी जात, पण जखम पाहायला परिचारिका मागोमाग घरी जाई. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन तर वर्षभराने रोग्याला गाठून ‘शेवटी काय झाले’ ते टिपून ठेवत. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातल्या ३३७ रोग्यांमागे १२३ चुका त्यांनी छापून टाकल्या. समव्यावसायिकांना हे रुचले नाही, यात नवल ते काय!

पुढे कॅनडातल्या कॅलगरीत पीटर क्रूझ आणि परिचारिका रोझमेरी फुर्ड यांनी दहा वर्षांत ६२,९३९ जखमांचा २८ दिवसांपर्यंत माग ठेवला. अमेरिकेच्या १९९२च्या व्याख्येने ही मुदत ३० दिवस धरली, शरीरात कृत्रिम सांधा वगैरे बसवला असेल तर वर्षभर. पण प्रत्येक दारी परिचारिका पाठवणे कोणाला परवडणार? त्यातून रोग्यालाच विचारण्याची वाट निघाली. म्हणजे ही पद्धत रोग्याविषयीच्या आदरातून कमी आणि खाटांच्या टंचाईतून जास्त आली, असे माझे मत आहे.

यावर शल्यविशारदांचा आक्षेप जुना आहे : रोग्याला काय कळते? भरत्या जखमेची साधी लालीही त्याला संसर्ग वाटते. आक्षेप खरा आहे, पण तो रोग्याकडून निदान मागणाऱ्याला लागू पडतो. लाली, सूज, ऊब आणि ठणका ही दाहाची चार लक्षणे रोमच्या सेल्ससने पहिल्या शतकातच लिहून ठेवली, आणि ती ओळखायला पदवी लागत नाही. इंग्लंडमध्ये रोग्याला भरायला देतात त्या प्रश्नावलीत म्हणूनच ‘संसर्ग झाला का’ यावर भिस्त नाही. जखमेच्या कडा उसवल्या का, स्राव पाण्यासारखा वा रक्ताळलेला होता की पिवळा-हिरवा, कोणी अँटिबायोटिक दिले का, असे ती विचारते. संसर्ग मोजायचा की नाही, हे उत्तरांची सांगड घालून ठरते. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो : ज्याला त्रास झाला तोच कागद भरून पाठवतो, बाकीचे गप्प राहतात. त्यामुळे रोग्यांनी कळवलेला आकडा वॉर्डातल्या आकड्यात न मिसळता वेगळा मांडणे रास्तच.

सारे अडते ते प्रश्नाच्या शब्दांवर. आपल्याकडच्या रोग्याला ‘डिस्चार्ज आहे का’ म्हणून विचारले, तर तो ‘मंगळवारीच मिळाला’ म्हणेल. लस येते की पू, असे विचारा. पट्टी बदलणारी त्याची बायकोच आतून उत्तर देईल.