पौषातली पंचगंगा

मैत्रिणींनो, पौषात पहाटे आमच्या नदीवर आलात तर पाण्यावरून वाफा उठताना दिसतील. बंधाऱ्याला बरगे घातलेले, पाणी काठोकाठ तुंबलेलं, दोन्ही काठांवर मोटारींची घरघर. नदी पहिल्यापासून अशीच असणार, असं सासरी आल्यावर मला कितीतरी वर्षं वाटायचं.

आजेसासूबाई हसायच्या. आम्ही त्यांना अव्वा म्हणायचो. त्यांच्या लहानपणी संक्रांतीनंतर धार बारीक होत जायची. उन्हाळ्यात वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं घागर भरायची, दुहेरी फडक्यातून पाणी गाळायचं आणि जिवाणी त्याच झिऱ्यात अलगद सोडायची. तासभर ताटकळलेली बाईसुद्धा जिवाणीपुरतं पाणी राखायची.

मग हे भर हिवाळ्यातलं पाणी आलं कुठून? राधानगरीहून. सह्याद्रीत पाऊस उदंड, पण सगळा वाहून जायचा. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी लोकांचे हाल पाहिले. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानचं पाटबंधारे धोरण ठरवलं, १९०८ मध्ये राधानगरी वसवली आणि भोगावतीवर धरण बांधायला घेतलं. (आपल्या मुलांसाठी १९०१ मध्ये कोल्हापुरात जैन बोर्डिंग झालं, त्यालाही आधार त्यांचाच.) पण महायुद्धाच्या महागाईत पैसा संपला आणि १९१८ मध्ये काम थांबलं. १९२२ मध्ये महाराज गेले. अर्धी भिंत एकवीस वर्षं तशीच उभी होती. राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये काम पुन्हा सुरू केलं. तेही पुढच्याच वर्षी गेले. धरण पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. पाणी अडवायचं ठरवणाऱ्या दोघांपैकी एकालाही ते भरलेलं दिसलं नाही.

इथं मोठे कालवे नाहीत. धरणाचं पाणी सरळ नदीतच सोडतात. भोगावतीतून ते पंचगंगेत येतं आणि बंधाऱ्याबंधाऱ्याला अडत खाली जातं. पाऊस सरला की बरगे घालायचे, पुढच्या पावसाआधी काढायचे. म्हणून तर हा बंधारा महाराष्ट्रभर 'कोल्हापूर पद्धतीचा' म्हणून ओळखला जातो. आपल्या घरांतला ऊस, गूळ, मुलींची शिक्षणं, सगळं या पाण्यावर उभं राहिलं.

पण अडलेलं पाणी घाणही अडवतं. धार कमी झाली की बंधाऱ्यामागं मासे मरून तरंगतात.

आमच्या नळाला नदीचंच पाणी, म्हणून जिवाणी मी नदीत सोडते. परवा अव्वांचं कडीचं भांडं घेऊन घाटावर गेले. पाणी काळं होतं, वास येत होता. त्यात जीव सोडायला हात झाला नाही. भांडं तसंच घरी आणलं आणि परसातल्या विहिरीत उतरवलं.