वसईहून निघालेला नाद

सन 1570 च्या आसपासची पहाट. तुम्ही वसईच्या खाडीत एका गलबतावर उभे आहात. ओहोटी लागली आहे. चिखलाचा आणि सुकत्या बोंबलांचा वास अंगावर येतोय. अंधारात किनारा दिसत नाही, पण ऐकू येतो. सेंट जोसेफच्या चर्चमधून घंटेचा टोला पडतो, मागोमाग फ्रान्सिस्कनांच्या मठातून, मग जेझुइटांकडून. तिन्ही स्वर वेगळे. तांडेल मान वर न करता सुकाणू वळवतो. कुठला स्वर कुठल्या अंगाने आला, एवढ्यावरून त्याला धक्का कळतो.

गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, त्याला आता जवळजवळ दोन पिढ्या झाल्या. गावात कुणाच्या कमरेला घड्याळ नाही. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ घंटाच सांगते. संथ, लांब अंतराने पडणारे टोले आले की कुणीतरी गेलं. घाईघाईने, श्वास न घेता वाजू लागली की आग तरी लागली, नाहीतर शत्रू आला. वाडीतल्या बाईला हे सगळं चुलीपुढून न उठता समजतं. ती प्रार्थनेला जाते की नाही, हा वेगळा प्रश्न. ऐकण्यातून ती सुटत नाही, आणि तिची शेजारीणही सुटत नाही.

चर्चच्या पायरीवर चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा बसलाय. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. नाव गोन्सालो गार्सिया. थोड्याच दिवसांत तो जेझुइटांबरोबर जपानला जाईल, तिथली भाषा शिकेल, पुढे व्यापार करील, मनिलात फ्रान्सिस्कन होईल आणि 1593 मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानात उतरेल. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर चढवतील. 1862 मध्ये तो संत ठरेल. वसईच्या घंटांखाली वाढलेलं हे पोर नागासाकीचं होऊन जाईल. ते गाव ध्यानात ठेवा, आपल्याला तिथे जायचंय.

आता 1739. वैशाखातला उकाडा. या खेपेला तुम्ही तटाबाहेर आहात, उत्तरेच्या बाजूला, मराठ्यांच्या मोर्च्यात. फेब्रुवारीपासून चिमाजीअप्पांचा वेढा पडलाय. माणसं सुरुंग खणतात, आतून दारूगोळ्याचा मारा होतो, खणलेलं ढासळतं, पुन्हा खणायचं. सॅन सेबॅस्टियन बुरुजाखालचा सुरुंग उडतो तेव्हा पायाखालची जमीन आधी हलते आणि आवाज मागून येतो. धूर विरायच्या आत तटाच्या आतून तीच घाईची घंटा सुरू होते. तुम्हाला ती ओळखू येते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तुम्ही तिला आगीची म्हणून ऐकलं होतं. बाजूचा हेटकरी शिपाई मात्र तिला शत्रूची म्हणून ऐकतोय आणि दात आवळून पुढे सरकतोय. भगदाडापाशी मराठे मोठ्या संख्येने पडले. 16 मे ला किल्ला शरण आला. गोऱ्या फौजेला नगारे वाजवत, निशाणं घेऊन निघून जायला आठ दिवसांची मुदत मिळाली.

मग मनोरे मोकळे झाले आणि घंटा खाली उतरल्या. एखाद्या घंटेजवळ जा, हात लावून बघा. ओठाशी जाड, वर पातळ होत गेलेली. चार भाग तांबं, एक भाग कथील. तोफेचं ओतकाम याच दोन धातूंचं, फक्त कथील निम्म्यावर. म्हणूनच जिंकलेल्या गावच्या घंटा वितळवून तोफा ओतायची रीत युरोपात जुनी होती. वसईच्या या घंटांच्या वाट्याला भट्टी आली नाही. चिमाजीअप्पांनी आणि त्यांच्या सरदारांनी त्या देवांना वाहिल्या. एक भीमाशंकरी गेली, एक वाईजवळच्या मेणवलीला कृष्णाकाठी, काही अष्टविनायकांच्या देवळांत. पालीच्या बल्लाळेश्वरासमोर आजही अशी युरोपी घडणीची घंटा आहे.

यांतल्या एकीचा माग काढत नाशिकला या. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी 1747 मध्ये गोदावरीकाठी पंचवटीत शिवालय बांधलं आणि नदीसमोरच्या भिंतीवर, दरवाज्याच्या माथ्यावर कमान उभारून तिच्यात ही घंटा टांगली. तिच्यावर कोरलेलं साल आहे 1721. म्हणजे वसई पडली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. नाशिककर ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात ती हीच. गोदेला पूर आला की लोक आधी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी त्याच्या कुठवर आलं ते. पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत चढलं, असं कुणी सांगितलं की समजायचं, हा साधा पूर नव्हे. देव बदलला, गाव बदललं, तरी इशाऱ्याचं काम घंटेकडेच राहिलं.

आणि सूर? तो बदलायचा म्हटलं तरी बदलणार नव्हता. डोळे मिटून ऐका. चर्चच्या घंटेच्या एका टोल्यात एकच स्वर नसतो. तळाला खर्जाची गुणगुण, तिच्यावर मुख्य स्वर, मुख्य स्वरावर कोमल गंधार, पंचम आणि सर्वांत वर तार षड्ज. त्या कोमल गंधारामुळेच या घंटांचा आवाज आपल्याला जरा करुण लागतो. हे सगळं भिंतीच्या जाडीवर आणि घेरावर ठरतं, मूस फोडली त्या दिवशी ठरून जातं. मनोऱ्यात दोर ओढला की अख्खी घंटा झुलायची. देवळात घंटा स्थिर राहते आणि हात लोलकाला लागतो. वाजवायची तऱ्हा बदलली, पण वसईच्या मनोऱ्यात जो स्वर होता तोच भीमाशंकरच्या धुक्यात आहे. भक्त तो कानांत साठवून गाभाऱ्याकडे वळतात. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. तिला कुणी खरवडून काढलं नाही, याबद्दल मला माझ्या पूर्वजांचा अभिमान वाटतो.

आता नागासाकी. 1945 च्या नाताळची आदली संध्याकाळ. 9 ऑगस्टच्या अणुबॉम्बने उराकामीचं कॅथेड्रल जमीनदोस्त झालंय. मनोऱ्यातल्या दोन घंटांपैकी एक फुटली आणि एक ढिगाऱ्यात शाबूत सापडली. लोकांनी ती उकरून काढली, लाकडी तिकाटण्याला टांगली आणि वाजवली. जळक्या मातीत उभे राहून तुम्ही ती ऐकता, आणि उरलेलं गाव गोळा होताना बघता. फुटलेल्या घंटेच्या जागी नवी घंटा यायला 2025 साल उजाडलं. ती अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून दिली.

त्याच देशात पाच-सहा वर्षं पुढे सरका, हामामात्सु शहरात. युद्धभर भोंगा म्हणजे विमानं, म्हणजे खंदकाकडे पळ. शांततेतही तोच आवाज वेळ सांगायला वापरला तर काळजात धस्स होतं. म्हणून निप्पॉन गाक्की कंपनीने, म्हणजे आजच्या यामाहाने, गाणारा भोंगा बनवला. भोकं पाडलेली चक्रं मोटरीवर फिरतात, वाऱ्याचे तुकडे करतात, आणि प्रत्येक चक्राचा एक सूर. झडपा उघडतील-मिटतील तशी छपरावरून चाल निघते आणि कोसावर ऐकू जाते. पुढे गावोगाव आपत्तीच्या सूचनांसाठी कर्णे बसले. ते चालू आहेत का, हे रोज संध्याकाळी एखादी बालगीताची चाल लावून तपासतात, आणि ती ऐकून पोरं खेळ टाकून घरी निघतात. त्यामुळे भूकंप येतो त्या दिवशी तो कर्णा कुणाला परका नसतो. रोजच्या ओळखीचाच आवाज धावून येतो.

परत वसईत या, आजच्या. 2011 च्या जनगणनेतच वसई-विरारची वस्ती बारा लाखांवर गेली होती. स्टेशनात उतरलात तर उद्घोषणा, हॉर्न, रिक्षांचा गलका. पण गिरीज, सांडोर, नंदाखालकडे वळा. संध्याकाळी देवदूताच्या प्रार्थनेची घंटा होते आणि केळीच्या वाडीत पाणी सोडणारा म्हातारा हात थांबवून क्रूसाची खूण करतो. त्याचं बोलणं कादोडी, प्रार्थना मराठी, आणि घंटेची वेळ साडेचारशे वर्षांची. किल्ल्यात जाल तर सेंट जोसेफचा मनोरा उभा आहे. आतल्या अरुंद गोल जिन्याने वर चढा. वर घंटेची जागा रिकामी आहे.

जुलै 2018 आठवा. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, गाडीत माणसं अडकली, मिठागरांत कामगार अडकले. ज्याच्या फोनला रेंज होती त्याला कळलं, ज्याच्या नव्हती तो पाण्याची वाट बघत बसला. एवढ्या मोठ्या शहरात एकही आवाज असा नव्हता, जो ऐकल्यावर सगळ्यांना एकाच क्षणी एकच गोष्ट समजेल. सोळाव्या शतकातल्या चुलीपुढच्या बाईकडे तो होता.

घंटा परत मागाव्यात असं मी म्हणणार नाही. पावणेतीनशे वर्षं त्या भीमाशंकरच्या आणि गोदावरीच्या झाल्या आहेत. तिथल्या लोकांनी त्या जपल्या, म्हणूनच आज त्यांच्याविषयी बोलता येतं. पण त्यांचा नाद ध्वनिमुद्रित करता येतो. नाशिक, भीमाशंकर, मेणवली, पाली, एकेक घंटा नीट मुद्रित करावी. कोणती किती वजनाची, कोणत्या सालची, कोणत्या सुराची, याची नोंद व्हावी. मग पालिकेने त्या सुरांतून एक छोटी चाल बांधावी आणि रोज संध्याकाळी किल्ल्यापासून विरारपर्यंत कर्ण्यांवर लावावी. कोळीवाड्यात, चाळीत, टॉवरच्या विसाव्या मजल्यावर ती पोरांच्या कानांत बसू द्या. पूर चढेल त्या रात्री तीच घाईघाईने वाजली, तर कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. मराठ्यांनी जिंकलेला आणि पोर्तुगीजांनी ओतलेला हा नाद पहिल्यापासून वसईच्या माणसांसाठी होता. त्याचं काम अजून शिल्लक आहे, आणि ते त्याला परत द्यायला हवं.