‘शीघ्र’ की ‘वेळेवर’?

‘शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ ही संज्ञा सरकारी मराठीत आता स्थिरावली आहे. ज्या बालकांच्या विकासात जन्मतः किंवा जन्मानंतर लगेच अडथळा येतो, त्यांच्यासाठीच्या सेवेचे हे नाव. भाषेच्या अभ्यासकाला यातले दोन्ही शब्द अडतात. शीघ्रकवी, शीघ्रकोपी या शब्दांतला ‘शीघ्र’ गतीचा निदर्शक आहे. आणि ‘हस्तक्षेप’ आपण बहुधा तक्रारीच्या सुरातच उच्चारतो. मूळ कल्पना मात्र गतीची नव्हे, वयाची आहे. काम लवकर सुरू व्हावे एवढेच तिचे म्हणणे. ते चालते मात्र संथपणे, वर्षानुवर्षे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, असलेल्या मुलांसाठी मुंबईत जे घडले त्याचा इतिहास पाहिला, की हा भेद केवळ कोशापुरता उरत नाही.

हा इतिहास आम्ही रे रोडवरून पाहू इच्छितो. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव मिरवणारे हे हार्बर मार्गावरील स्थानक. एका अंगाला गोदी आणि जहाजे तोडण्याच्या धंद्यासाठी ओळखला गेलेला दारूखाना. दुसऱ्या अंगाला घोडपदेव, काळाचौकी आणि पुढे लालबाग-परळ. परळला नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली आणि बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ साली उभे राहिले. म्हणजे गिरणी आणि गोदीकामगारांच्या मुलांपासून दवाखाना फार लांब नव्हता. अंतर होते ते निराळेच.

ते समजण्यासाठी या अवस्थेचे स्वरूप पाहावे लागेल. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी १८६२ साली तिचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. पुढे मनोविश्लेषणाचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या फ्रॉइड यांनी १८९७ च्या ग्रंथात शंका घेतली, की अवघड बाळंतपण हे कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचे लक्षण असू शकेल. आज अकाली जन्म, प्राणवायूची कमतरता, तीव्र कावीळ, जंतुसंसर्ग अशी अनेक कारणे मानली जातात. मेंदूची इजा वाढत नाही. पण शरीर वाढते तसे स्नायू आखडतात, सांधे जखडतात. शिवाय जन्मतः काही दिसतेच असे नाही. मान उशिरा धरणे, मुठी सतत आवळलेल्या राहणे, वर्षाच्या आतच एकच हात पुढे करणे या खुणा आधी आईला दिसतात, आणि घरातले वडीलधारे म्हणतात, “एकेक मूल उशिरा बसतं.” पूर्वी निदान बहुधा दुसऱ्या वर्षात होई. योग्य तपासण्या केल्यास ते सहा महिन्यांच्या आतही शक्य आहे, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्याने दाखवून दिले. मेंदू सर्वाधिक घडणक्षम असतो तो काळ नेमका याच दोन टोकांच्या मध्ये निसटतो.

मुंबईत या सेवांचा पाया मातांनी घातला. आपल्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माइल यांनी १९४७ साली अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. हाजी अलीचे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय हे तिचेच फळ. पण पोलिओत हात-पाय लुळे पडतात. येथे मेंदूकडून स्नायूंकडे जाणारा संदेशच बिघडतो. त्यामुळे चालणे, बोलणे, गिळणे, शिकणे या साऱ्यांचा एकत्र विचार करावा लागतो. तो विचार घेऊन मिठू अलूर यांनी २ ऑक्टोबर १९७२ रोजी कुलाब्यात विशेष शिक्षण केंद्र सुरू केले. त्यांची कन्या मालिनी चिब हिच्यासाठी देशात शाळाच नव्हती. त्यातून उभी राहिलेली ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ पुढे ‘अडॅप्ट’ झाली. ब्रिटनमधील समनाम संस्थेनेही १९९४ साली नाव बदलले होते, कारण ‘स्पॅस्टिक’ ही तिथे शिवी बनली होती.

यानंतर बरोबर तीन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बाल विकास सेवा योजना आली. तिच्या अंगणवाड्यांनी सहा वर्षांखालील मुलांच्या आहाराचा, लसीकरणाचा, शिक्षणाचा भार उचलला. पण विकलांग मूल तिच्या चौकटीत बसलेच नाही. अलूर यांनी लंडन विद्यापीठातील आपल्या प्रबंधात याच वगळण्याचा शोध घेतला आणि या मुलांना ‘अदृश्य मुले’ म्हटले. पुढे त्यांच्या संस्थेने धारावीच्या वस्तीतील अंगणवाड्यांत अशी मुले इतर मुलांसोबत बसवून दाखवली. आमच्या मते या इतिहासातली कळीची गोष्ट हीच. तज्ज्ञ कुलाब्यात असले तरी रोजचा सराव व्हायला हवा तो घराजवळ.

कायद्याने उशिराच का होईना, दखल घेतली. १९९५ च्या अधिनियमात सेरेब्रल पाल्सी चलनविषयक विकलांगतेच्या व्याख्येत दडलेली होती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिला स्वतंत्र नाव दिले. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत ती नावानिशी आली. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची कल्पना त्यातून पुढे आली. जून २०२१ मध्ये देशभरात १४ केंद्रे उघडली. त्यांतले एक मुंबईत आहे.

तरीही रे रोडचा प्रश्न शिल्लक राहतो. आठवड्यातून दोनदा उपचाराला जायचे म्हणजे रोजंदारीवरच्या घरात दोन दिवसांची मजुरी बुडणार. वाढते मूल कडेवर घेऊन जिने चढायचे, लोकल पकडायची. आणि हे महिनाभर नव्हे, वर्षानुवर्षे. अशा घराने मध्येच येणे थांबवले, की नोंदवहीत ‘पालकांची उदासीनता’ असा शेरा पडू शकतो. वर सांगितलेला इतिहास याच्या उलट साक्ष देतो. आईने लवकर ओळखले होते. उशीर व्यवस्थेने केला.

म्हणून ‘हस्तक्षेप’ हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने वाचावा, असे आम्हांस वाटते. हस्त म्हणजे हात. बाळाला कसे उचलावे, कसे बसवावे, घास कसा भरवावा, हे आईच्या हाताला शिकवणारा दुसरा हात. तो हात शीघ्र नसला तरी चालेल. तो वेळेवर यावा, आणि तिच्या दाराशी यावा.