बालहट्ट

बालहट्ट म्हणजे साधारणतः एक ते चार वर्षे वयाच्या मुलाने, मनासारखे न घडल्यास, रडणे, किंचाळणे, हातपाय आपटणे किंवा जमिनीवर लोळण घेणे अशा रूपाने केलेला भावनिक उद्रेक होय. या वयात तो वाढीचा सर्वसामान्य भाग मानला जातो. तो काळाबरोबर ओसरणार की मुलाच्या अंगवळणी पडणार, हे मात्र मोठ्यांच्या वागण्यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते.

संज्ञा

राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट ही त्रयी मराठीत रूढ आहे. असा हट्ट पुरवण्यावाचून गत्यंतर नसते, असे तिच्यातून सूचित होते. तथापि ‘हट्ट’ या शब्दात मागणी आणि निर्धार आहे, तर ‘आकांत’, ‘त्रागा’, ‘भोकाड पसरणे’ यांत मनाचा ताबा सुटणे आहे. खाऊसाठी अडून बसलेले मूल काहीतरी मिळवू पाहत असते. थोड्या वेळाने तेच मूल हुंदके देऊ लागले, की पुढे केलेला खाऊही ते भिरकावून देते. पहिल्या अवस्थेत ठाम नकार मुलाला समजतो. दुसऱ्या अवस्थेत कोणताही उपदेश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. घरोघरी दोन्हींना सरसकट हट्टीपणा म्हटले जाते आणि समजूत काढण्याच्या वेळी दटावणी, तर नकाराच्या वेळी लाड, असा उलटा प्रकार घडतो.

कारणे

दीड-दोन वर्षांच्या मुलाला काय हवे ते कळू लागते, परंतु ते सांगण्याइतकी भाषा त्याच्यापाशी नसते. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशी ओलांडल्यावरही परिपक्व होत असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्लोरेन्स गुडइनफ यांनी पालकांनी घरी ठेवलेल्या नोंदींच्या आधारे केलेला अभ्यास १९३१ साली प्रसिद्ध झाला. रागाचे प्रसंग वयाच्या दुसऱ्या वर्षात सर्वाधिक असतात आणि जेवणाच्या वेळेआधी ते वाढतात, असे त्यात दिसून आले. लग्नघरी पंगत लांबली व दुपारची झोप मोडली की मूल बिथरते, ते याच कारणाने. दृष्ट काढण्याआधी त्याला जेवू घालणे अधिक उपयोगी ठरते.

उद्रेकाचा क्रम

मायकेल पोटेगल व रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार अशा प्रसंगात राग आरंभी उसळतो आणि लवकर उतरतो, तर दुःख शेवटपर्यंत टिकून राहते. बहुतेक उद्रेक पाच मिनिटांच्या आत शमतात.

सवय कशी जडते

या संदर्भात सी. डी. विल्यम्स यांनी १९५९ साली नोंदवलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. पहिले दीड वर्ष आजारी असलेले, त्यामुळे सतत उशापाशी कुणीतरी असण्याची सवय झालेले एक मूल बरे झाल्यावरही, झोपवणारी व्यक्ती खोलीबाहेर पडताच आकांत करी. वैद्यकीय तपासणीत दोष नसल्याची खात्री करून, त्याला प्रेमाने निजवून पुन्हा आत न जाण्याचे ठरले. पहिल्यांदा ते पंचेचाळीस मिनिटे रडले. दहाव्या वेळेपर्यंत रडणे थांबले होते. साधारण आठवड्याने त्याच्या आत्याने (किंवा मावशीने, इंग्रजीत दोघींना शब्द एकच) रडणे ऐकून खोलीत परत जाऊन त्याला झोपवले आणि सारा प्रकार पुन्हा सुरू झाला. तो मोडण्यासाठी सर्व क्रम नव्याने करावा लागला.

कधी नकार आणि कधी होकार मिळालेले वर्तन सर्वांत चिवट होते, हे तत्त्व यातून स्पष्ट होते. आईने नाही म्हटलेली वस्तू आजोबांनी पाठीमागून द्यायची, हा एकत्र कुटुंबातील नित्याचा प्रसंग त्याचेच रूप आहे. रडणारे मूल गप्प करण्यासाठी हाती मोबाइल देणे हेही त्यातलेच. नकार पाळला जाऊ लागताच हट्ट काही दिवस आधीपेक्षा वाढतो. बहुसंख्य पालक नेमके तेव्हाच माघार घेतात.

हाताळणी

उद्रेकाच्या वेळी मूल सुरक्षित जागी आहे ना एवढे पाहून जवळ शांत राहणे, कमी शब्दांत बोलणे आणि मूल शांत झाल्यावर त्याला जवळ घेणे, हा सर्वमान्य मार्ग आहे. दुर्लक्ष मागणीकडे करायचे असते, मुलाकडे नव्हे. वेदना, भूक किंवा भीतीमुळे रडणाऱ्या मुलाला, तसेच तान्ह्या बाळाला ही पद्धत लागू होत नाही. लहान वयात लक्ष दुसरीकडे वळवणेही साधते. चंद्रासाठी रडणाऱ्या बालरामाला आरशातले प्रतिबिंब दाखवल्याच्या कथेत हीच युक्ती आहे. मारल्याने रडणे क्षणभर थांबते, पण राग आला की हात उगारायचा, एवढेच मूल शिकते.

श्वास कोंडणे

काही मुले रडता रडता श्वास रोखतात, निळी पडतात आणि क्षणभर शुद्ध हरपतात. हे मूल मुद्दाम करीत नाही. श्वास आपोआप सुरू होतो. अशा वेळी मुलाला कुशीवर निजवावे. तोंडात पाणी घालू नये, गदगदा हलवू नये. काही मुलांत याचा संबंध लोहाच्या कमतरतेशी आढळतो व लोहाच्या औषधाने प्रमाण घटते, म्हणून पहिल्याच प्रसंगानंतर बालरोगतज्ज्ञाला दाखवणे आवश्यक असते.

तज्ज्ञांचा सल्ला

मूल स्वतःला वा इतरांना वारंवार इजा करीत असेल, पाच वर्षांनंतरही उद्रेक कमी होत नसतील किंवा बोलणे, ऐकणे, नजर देणे यांत उणीव जाणवत असेल, तर तपासणी करून घ्यावी. भारतात २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडीतील बालकांची आरोग्य तपासणी होते व गरजेनुसार त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.